सांगायचं काय, ते कुठे शिकवतात?

मुंबई विद्यापीठाने नव्या शतकाच्या तोंडावर ‘बॅचलर ऑफ मास मीडिया’ ही पदवी सुरू केली, तेव्हा बारावीनंतर तिच्यामागे धावलेल्या मुलांच्या डोळ्यांसमोर न्यूजरूम होती, जाहिरातीचं चित्रीकरण होतं, येऊ घातलेल्या खासगी एफएमचा माइक होता. पहिल्या सत्रात हाती पडलं ते समाजशास्त्र, अर्थशास्त्र आणि विसाव्या शतकातल्या ठळक घटनांचा इतिहास. दुसऱ्यात राजकीय संकल्पना, मानसशास्त्र, साहित्य, व्यवस्थापन. रेडिओ-टीव्ही, छपाई आणि छायाचित्रण यायला चौथं सत्र उजाडायचं आणि पत्रकारिता की जाहिरात ही निवड तर थेट तिसऱ्या वर्षी. ‘कॅमेरा कधी देणार?’ हा प्रश्न त्यामुळे पहिल्या आठवड्यातच निघायचा. मधल्या विषयांचं काय? केटी लागू नये एवढ्यापुरतं ते वाचायचे, झेरॉक्सवाल्याकडच्या नोट्स त्याला पुरत.

माझ्या मते या पदवीतला सगळ्यात टिकाऊ माल नेमका याच, मुलांनी रडतखडत काढलेल्या दोन सत्रांत होता. तो तसा वापरला गेला नाही, याचं कारण एकट्या मुलांच्या आळसात शोधणं अन्यायाचं ठरेल. पदवीचा क्रमच उलटा आहे. पूर्वी माणूस एखादा विषय घेऊन वर्तमानपत्रात यायचा आणि लिहायचं कसं ते तिथे शिकायचा. आता तो लिहायचं, दाखवायचं, विकायचं कसं हे आधी शिकतो आणि विषय नंतर सापडेल अशी आशा धरतो.

टिळकांचा विषय गणित, त्यावर कायद्याची पदवी. ‘केसरी’ त्यानंतर, १८८१मध्ये. डॉ. आंबेडकरांचं उदाहरण तर आणखी बोलकं आहे. १९१३ साली ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात पोचले, तेव्हा त्याच आवारात पत्रकारितेची शाळा सुरू होऊन जेमतेम वर्ष झालं होतं. ते शिकले अर्थशास्त्र. आणि ‘मूकनायक’ काढला ३१ जानेवारी १९२० रोजी.

ती शाळा निघाली जोसेफ पुलित्झरच्या पैशांतून. पुलित्झर स्वतः शिक्षण अर्धवट सोडून वर आलेला वृत्तपत्रमालक. पत्रकार जन्मावा लागतो, घडवता येत नाही, अशी टिंगल तेव्हा जोरात होती. तिला त्याने १९०४ साली एका दीर्घ लेखातून उत्तर दिलं. त्या लेखातला अभ्यासक्रम आज वाचला तर गंमत वाटते: कायदा, इतिहास, समाजशास्त्र, अर्थशास्त्र, आणि त्याचा विशेष जिव्हाळ्याचा विषय म्हणजे आकडेवारी. शीघ्रलेखन, टंकलेखन यांना तो कॉलेजचं काम मानायला तयार नव्हता. १९१२मध्ये कोलंबियाने वर्ग सुरू केले ते पदवीपूर्व. १९३५मध्ये त्यांनीच ते बंद करून फक्त पदवीधरांना प्रवेश द्यायला सुरुवात केली. मिझुरी विद्यापीठ मात्र १९०८पासून पदवीपूर्व शिक्षणावर ठाम राहिलं आणि पहिल्याच दिवशी विद्यार्थ्यांचं स्वतःचं दैनिक काढून बसलं. तिसरी वाट विस्कॉन्सिनच्या विलर्ड ब्लेयर यांची. पदवी पत्रकारितेची, पण साधारण चौथा हिस्साच त्या विषयाचा, उरलेले तीन हिस्से भाषा, इतिहास आणि सामाजिक शास्त्रांचे. अमेरिकेतल्या मान्यताप्राप्त पदव्यांवर या हिशेबाचा पगडा पुढे कित्येक दशकं राहिला.

आपल्याकडे यातली पहिली, म्हणजे आधी कुठलीतरी पदवी आणि मग पत्रकारिता, ही वाट रुळली. मिझुरीत शिकून आलेले पृथ्वीपाल सिंह यांनी १९४१ साली लाहोरच्या पंजाब विद्यापीठात पदविका वर्ग काढला. फाळणीनंतर तो विभाग दिल्लीला आला. नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजात १९५२ साली सिराक्यूज विद्यापीठाचे रोलंड वूल्झली येऊन पत्रकारितेचा विभाग उभा करून गेले. नागपूर तेव्हा मध्य प्रदेशाची राजधानी होतं. म्हैसूरच्या महाराजा कॉलेजात १९५१च्या सुमारास नाडिग कृष्णमूर्तींनी बी.ए.ला पत्रकारिता हा विषय आणला, पण तो इतर विषयांच्या जोडीने. पुण्याच्या रानडे इन्स्टिट्यूटमध्ये पिढ्यान्‌पिढ्या ज्यासाठी रांगा लागल्या त्या ‘बी.जे.’ला आधी कुठलीतरी पदवी हवीच असायची. नाव बॅचलरचं, पण वर्गात एक रसायनशास्त्राचा, एक कॉमर्सचा, एक संस्कृतचा, एखादा नोकरी सांभाळून येणारा बँकेतला कारकून. चहाच्या टपरीवरची चर्चा त्यामुळे आपोआपच चार विद्याशाखांची व्हायची.

दरम्यान पत्रकारितेच्या शेजारी ‘संज्ञापन’ नावाचा नवा विषय येऊन बसला होता. त्याची पाठ्यपुस्तकं घडवणारा माणूस विल्बर श्रॅम. त्याने १९४७मध्ये इलिनॉय विद्यापीठात संज्ञापन-संशोधनाची संस्था काढली. आजही बारावी झालेल्या मुलाला पहिल्या सत्रात जी आकृती फळ्यावर काढून दाखवतात ती क्लॉड शॅनन यांची, १९४८ची: स्रोत, प्रेषक, मार्ग, ग्राहक आणि मध्ये घुसणारा ‘नॉइज’. शॅनन बेल टेलिफोनच्या प्रयोगशाळेतले गणिती अभियंता. संदेशाच्या अर्थाशी आपल्या प्रश्नाचा संबंध नाही, हे त्यांनी सुरुवातीलाच बजावलं होतं. अर्थ बाजूला ठेवून मांडलेली ती आकृती माणसामाणसांतल्या बोलण्याचं चित्र म्हणून आपण अठरा वर्षांच्या मुलांकडून पाठ करून घेतो. दहा गुणांना ती हमखास येते.

आणि याच पाठ्यपुस्तकांत एक प्रकरण असं आहे, जे आपल्या घरचं असून आपल्या वर्गात परक्यासारखं शिकवलं जातं. १९५६च्या सुरुवातीला आकाशवाणीच्या पुणे केंद्राने युनेस्कोच्या मदतीने पुणे, नगर, नाशिक, उत्तर सातारा आणि कोल्हापूर या पाच जिल्ह्यांतल्या १५० गावांत शेतकऱ्यांची श्रोतामंडळं बांधली. नमुना कॅनडाचा, भाषा मराठी. आठवड्यातून दोनदा, अर्ध्या अर्ध्या तासाचे, एकूण २० कार्यक्रम. मंडळातली पंधरा-वीस माणसं एकत्र बसून ऐकायची, मग चर्चा करायची आणि प्रश्न केंद्राकडे पाठवायची. पुढच्या कार्यक्रमांत त्यांची उत्तरं मिळायची. हा उपक्रम पुढे रेटणारे आकाशवाणीचे महासंचालक जगदीशचंद्र माथुर म्हणजे ‘कोणार्क’ हे हिंदी नाटक लिहिणारे तेच माथुर. मूल्यमापन केलं मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेने, पॉल नॉयराथ यांच्या मार्गदर्शनाखाली. नॉयराथ व्हिएन्नाचे, डाखाउ आणि बुखेनवाल्डच्या छळछावण्यांतून सुटून अमेरिकेत पोचलेले समाजशास्त्रज्ञ. त्यांनी तुलनेसाठी आणखी दोन गट घेतले: रेडिओ आहे पण मंडळ नाही अशी गावं आणि रेडिओच नाही अशी गावं. कार्यक्रमांआधी आणि नंतर गावकऱ्यांना तेच प्रश्न विचारले. मंडळांच्या गावांत माहिती स्पष्टपणे वाढली. नुसता रेडिओ असलेल्या गावांत फरक फारच थोडा. नुसतं सांगून भागत नाही, ऐकल्यावर बोलायला जागा लागते, हे मोजून दाखवणारा इतका नेटका प्रयोग तेव्हा जगात क्वचितच झाला होता. अहवाल युनेस्कोने १९५९मध्ये छापला, त्याच वर्षी योजना देशभर नेली गेली.

हा प्रयोग परदेशी ग्रंथांत वारंवार येतो. आपल्या वर्गात मात्र विकास-संज्ञापन म्हटलं की डॅनियल लर्नरच्या अभ्यासातलं तुर्कस्तानातलं बालगात गाव आणि अमेरिकेतल्या आयोवाच्या शेतकऱ्यांवरच्या अभ्यासातला संकरित मका. नाशिक जिल्ह्यातून आलेली मुलगी आयोवाचा मका पाठ करते आणि आपल्या आजोबांच्या पिढीचं गाव त्याच विषयाच्या इतिहासात आहे, याचा तिला पत्ता नसतो. नॉयराथ यांच्याकडे वेगळं माध्यम नव्हतं; इतर संशोधकांकडे होता तोच रेडिओ. त्यांच्याकडे समाजशास्त्र होतं आणि गट कसे पाडायचे, काय मोजायचं याची समज होती. पदवीच्या पहिल्या वर्षी कंटाळवाणे वाटणारे विषय हेच.

मुंबईच्या पदवीकडे परत येऊ. हा अभ्यासक्रम विनाअनुदानित. शुल्क साध्या बी.ए.च्या कित्येक पट, कायम शिक्षक मोजके, बाकी मंडळी तासिका तत्त्वावर. त्यातून एक चांगली गोष्ट झाली: शिफ्ट संपवून आलेला उपसंपादक किंवा एजन्सीतला कॉपीरायटर वर्गात उभा राहिला आणि मुलांना कालच्या पानाची, परवाच्या पिचची गोष्ट ऐकायला मिळाली. पण समाजशास्त्राचा तास ज्याच्या वाट्याला येई, तो बहुतेकदा दुसऱ्या विभागातून उसना आणलेला. त्याला माध्यमांशी देणंघेणं नसे आणि मुलांना त्याच्याशी. दोन्हींचा सांधा जुळवणारं कुणी नव्हतं. अध्यक्षीय लोकशाही की संसदीय, हे शिकवताना कालच्या अग्रलेखाकडे बोट दाखवायला फार काही लागत नाही. पण ते वेळापत्रकात बसत नसे.

भाषेचा पेच वेगळाच. वर्ग इंग्रजी, पुस्तकं इंग्रजी. पुढे काही महाविद्यालयांनी मराठी माध्यमाचे वर्गही काढले, पण उत्तरपत्रिका मराठीत आणि संदर्भ इंग्रजीत अशी कसरत त्यांच्या नशिबी आली. शिकून मराठी वाहिनीच्या डेस्कवर बसलेल्या मुलाला ‘अजेंडा सेटिंग’ची व्याख्या येते आणि ‘फेरफार’, ‘सातबारा’, ‘नजर आणेवारी’ हे शब्द बातमीत आले की शेजारच्या ज्येष्ठाकडे वळावं लागतं. तालुक्याचा बातमीदार नेमका उलटा: आणेवारी त्याला तोंडपाठ, सिद्धांत कुणी सांगितलेला नाही. नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाचा मराठीतला पत्रकारिता अभ्यासक्रम अशांच्या उपयोगी पडला, त्याची चर्चा शहरात कमीच झाली. दोघांपैकी कुणाची उणीव लवकर भरून निघते, हे संपादकांना विचारा. माझं मत तालुक्याच्या बाजूने आहे.

सॉफ्टवेअरबद्दल फार लिहीत नाही. पेजमेकर शिकवून होईपर्यंत इनडिझाइन आलं, आणि आता मोबाइलवर संकलन होतं.

२०१९मध्ये या पदवीचं नाव बदलून ‘बी.ए. इन मल्टिमीडिया अँड मास कम्युनिकेशन’ झालं. त्यानंतर नवीन शैक्षणिक धोरण आलं. २०२४-२५पासून ते संलग्न महाविद्यालयांतही लागू झालं. तीन वर्षांनी पदवी, चार वर्षांनी ऑनर्स, मुख्य विषयाच्या जोडीला मायनर, अन्य विद्याशाखेतले ओपन इलेक्टिव्ह, फील्ड प्रोजेक्ट आणि ऑन जॉब ट्रेनिंग. कागदावर ही जवळजवळ ब्लेयर यांची वाट आहे. व्यवहारात मायनर कोणता मिळणार हे बऱ्याचदा कुठल्या विभागात शिक्षक रिकामा आहे यावर ठरतं, आणि मुलंही मुख्य विषयाला जवळचा, सोपा मायनर निवडतात. जनसंज्ञापनाला जोड जाहिरातीची, म्हणजे पुन्हा तेच.

निवड हातात असेल तर संख्याशास्त्र घ्यावं. नसेल तर अर्थशास्त्र, कायदा किंवा भूगोल. आणि फील्ड प्रोजेक्टला लघुपट काढण्याआधी आपल्या प्रभागाच्या किंवा ग्रामपंचायतीच्या एका कामाचा खर्च मागून पाहावा. माहिती अधिकाराचा अर्ज जोडपत्र ‘अ’मध्ये करायचा, वर दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. उत्तराला ३० दिवसांची मुदत असते. ते आलं नाही किंवा अपुरं आलं तर पहिलं अपील, त्याचा निकाल ३० दिवसांत, फार तर ४५. सत्र साधारण १५ आठवड्यांचं असतं. पहिल्या आठवड्यात अर्ज दिला तर अपिलासकट सगळं त्यात बसतं आणि अहवाल लिहायलाही थोडे दिवस उरतात.