तवा आणि सात सेंटिमीटरची तार

घाटकोपरच्या आमच्या गच्चीवरून उतरणारी विमानं इतकी जवळून जातात की लहानपणी आम्ही शेपटीवरचं चित्र बघून कंपनी ओळखायच्या पैजा लावायचो. हरणाऱ्याने वडापाव द्यायचा. आता साठी उलटली तरी ते वेड गेलेलं नाही, फक्त हल्ली ते पेनड्राइव्हएवढ्या डबीत मावतं आणि गावाला जाताना बॅगेतून सोबत येतं.

लोकांना वाटतं, विमान कुठे आहे हे रडार शोधतं. शोधतंही. पण आजची बहुतेक प्रवासी विमानं आपण कोण, कुठे, किती उंचीवर आहोत हे स्वतःच सांगत असतात. जागेचा निरोप सेकंदाला साधारण दोनदा जातो, १०९० मेगाहर्ट्झवर. एक निरोप अवघ्या १२० मायक्रोसेकंदांचा, आणि त्याला कुलूपकिल्ली काही नाही. ज्याच्याकडे कान आहे त्याने ऐकावं. मोबाइलवरच्या विमानांच्या नकाशाला माहिती पुरवतात ते बरेचसे असेच घरोघरी कान लावून बसलेले हौशी लोक. मग फोनवरच का बघू नये, असं सौ. दरवेळी विचारतात. रेंज असेल तिथे खुशाल बघावं. आम्ही जातो तिथे बहुतेक वेळा ती नसते.

हा कान स्वस्त झाला तो टीव्हीमुळे. संगणकावर टीव्ही दिसावा म्हणून यूएसबीत खोचायच्या डबीतली ‘आरटीएल२८३२यू’ ही चिप टीव्हीपलीकडचंही खूप काही ऐकू शकते, हे २०१२च्या सुमारास हौशी मंडळींनी जगजाहीर केलं. मग साल्वातोरे सान्फिलिप्पो या सिसिलीच्या प्रोग्रामरने ‘डम्प१०९०’ लिहिलं. विमानांचे निरोप उलगडणारा हा प्रोग्राम फुकट मिळतो.

प्रवासाला घ्यायचं तर पहिला प्रश्न डबीचा नाही, तुमच्या फोनचा आहे. अँड्रॉइड असेल तर डबी, ओटीजी वायर आणि एखादं ॲप एवढ्यावर काम भागतं, सगळं चष्म्याच्या घरात बसतं. आयफोन मात्र या डबीला दारात उभं करत नाही. मग मध्ये रास्पबेरी पाय झीरो २ डब्ल्यूसारखा चिमुकला संगणक हवा. तो स्वतःचं वायफाय सुरू करतो आणि विमानं फोनच्या ब्राउझरमध्ये दिसतात. १० हजार एमएएचच्या पॉवरबँकवर माझा जोड आठेक तास चालतो. (विमानाने जाताना पॉवरबँक हातातल्या बॅगेतच ठेवायची.) नकाशा मात्र घरूनच उतरवून न्यावा. मी पहिल्यांदा विसरलो, तर काळ्या पडद्यावर नुसत्या पिवळ्या चिमण्या उडत होत्या. खाली समुद्र की सातारा, काही कळेना.

डबी घेताना दोन गोष्टी बघाव्यात. पहिली, आत १०९०ची चाळणी, म्हणजे फिल्टर, आहे का. शहरात मोबाइलचे टॉवर ९०० मेगाहर्ट्झच्या आसपास इतका गलका करतात की बिनचाळणीचा कान बधिर होतो. दुसरी, अँटेनाचं तोंड. नखाएवढं, नुसतं टचकन बसणारं तोंड असतं, ते प्रवासाला नको. माझ्या पहिल्या डबीचं कणकवलीच्या एसटीत सैल झालं आणि चार दिवस मी ती बोटाने दाबून धरून विमानं बघितली. आट्यांचं, पिळून बसवायचं तोंड घ्यावं. आणि डबी तापली तर घाबरू नये, ती तापतेच.

पण खरी गंमत अँटेनात आहे, आणि लोक नेमके तिथेच कंजुषी करतात. १०९०ची लहर साडेसत्तावीस सेंटिमीटरची, तिचा पाव हिस्सा म्हणजे जेमतेम सात सेंटिमीटर. एवढी उभी तार पुरते, पण तिच्या पायाशी धातूचा पत्रा लागतो. लोहचुंबकाच्या बुडाची छोटी अँटेना मिळते ती म्हणूनच. स्टीलचं ताट चालेल असं वाटलं होतं, पण आमच्या ताटाला चुंबक चिकटेना. देवगडला ज्यांच्याकडे उतरलो होतो त्या काकूंकडे मी लोखंडी तवा मागितला. ‘काका, तवो कित्याक होयो?’ त्यांनी विचारलं. मी सांगितलं, आणि त्यांनी तो दिला, पण सौ.कडे बघत दिला.

या लहरी सरळ रेषेत जातात. ३५ हजार फुटांवरचं विमान मोकळ्या क्षितिजावर सव्वाचारशे किलोमीटरवरूनही ऐकू येऊ शकतं, मध्ये डोंगर आला की संपलं. देवगडच्या कड्यावरून पश्चिमेला अरबी समुद्रावरची विमानं भरभरून मिळाली, पूर्वेला सह्याद्रीने दार लावून घेतलं होतं. हॉटेलच्या खोलीत तर काचेवरचा उन्हाचा लेपसुद्धा आडवा येतो. म्हणून दोन मीटरची वायर न्या आणि अँटेना खिडकीबाहेर काढा, महागड्या डबीपेक्षा फरक पडतो.

एक इशारा. २००१मध्ये ग्रीसमध्ये कालामाताला विमानं टिपून ठेवणाऱ्या ब्रिटिश आणि डच हौशींना हेर समजून पकडलं होतं, ते वर्षभराने अपिलात सुटले. २०१०मध्ये दिल्ली विमानतळाजवळच्या हॉटेलात दोघा ब्रिटिशांवर तीच पाळी आली. मी विमानतळाच्या आसपास आणि हवाई दलाच्या तळाजवळ डबी बाहेरच काढत नाही. परदेशी जाताना तिथला नियम आधी बघतो. वैमानिकांचं बोलणं ऐकायचा स्कॅनरही घरीच राहतो. आणि विमानांचे निरोप कुठल्या संकेतस्थळाला पाठवत असाल तर प्रवासात ते बंद करा. तुमची जागा घाटकोपर नोंदलेली आणि तुम्ही देवगडला, म्हणजे त्यांचं सगळं गणित बिघडवाल.

देवगडच्या शेवटच्या संध्याकाळी वीज गेली होती. फोनवर २३ विमानं होती. सगळ्यात लांबचं ३६० किलोमीटरवर, त्याचा कोड ८०ने सुरू होणारा, म्हणजे आपल्याकडचंच. ते कुठलं ते वाचत होतो, तेवढ्यात स्वयंपाकघरातून हाक आली. घावन घालायचे होते. तवा काढला आणि २३चे नऊ झाले.