तीस हजार पटींची घसरण

विदर्भातल्या दरेकसा स्टेशनवर मोबाइलवर नकाशा उघडला की निळा ठिपका दोन-चार सेकंदांत जागेवर येतो. त्याची खबर येते 20,200 किलोमीटर उंचीवरून. जीपीएसचे उपग्रह तिथे ताशी सुमारे 14,000 किलोमीटर वेगाने फिरतात आणि दिवसाला पृथ्वीच्या दोन प्रदक्षिणा घालतात. डोक्यावरच्या उपग्रहाचा संदेश खाली यायला सेकंदाचा साधारण पंधरावा हिस्सा लागतो. येईपर्यंत तो किती क्षीण होतो? एका वॅटचे कोटी तुकडे करा, त्यातल्या एका तुकड्याचे पुन्हा कोटी, आणि त्यातल्या एकाचे शंभर. त्यातला एक कण मोबाइलच्या वाट्याला येतो. म्हणून बोरतलावच्या बाजूला गाडी बोगद्यात शिरली की ठिपका थिजतो. जवळच्या कचारगडच्या गुहेतही तेच. माघ पौर्णिमेच्या यात्रेला निरनिराळ्या राज्यांतून आलेले भाविक पायथ्यापर्यंत नकाशा बघत येतील, पण आत गेल्यावर फोन खिशातच ठेवायचा.

सगळा खेळ घड्याळाचा आहे. सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाची चूक झाली की जागा 300 मीटर हुकते. त्यातही आइन्स्टाइनच्या सिद्धांतानुसार वरचं घड्याळ जमिनीवरच्यापेक्षा दिवसाला 38 मायक्रोसेकंद पुढे पळतं. ही वजाबाकी केली नसती तर रोज सुमारे 11 किलोमीटरची चूक साचत गेली असती. दरेकशाचा ठिपका आठवडाभरात कुठे जाऊन पोचला असता, देव जाणे.

एवढं सगळं मिळतं फुकट. संदेशाचे पैसे अमेरिकी करदाता भरतो. आपण पैसे मोजत होतो ते संदेश पकडणाऱ्या डब्याचे.

त्या डब्याआधीचा काळ विदर्भाच्या मातीतच पुरलेला आहे. हिंदुस्थानची त्रिकोणमितीय मोजणी सुरू करणारा विल्यम लॅम्बटन 1823 साली हिंगणघाटला वारला. कोन मोजायचा त्याचा थिओडोलाइट जवळपास अर्ध्या टनाचा होता आणि तो माणसांच्या खांद्यांवरून डोंगर चढायचा. 1981 मध्ये टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सचा टीआय 4100 आला. वजन 24 किलो, किंमत 1,19,900 डॉलर. 1989 मध्ये मॅजेलनने हातात मावणारं यंत्र काढलं, तेव्हा भाव 3,000 डॉलरवर आला. त्या वेळच्या दराने 48,000 रुपयांच्या आसपास, आयातशुल्क वेगळं. आज हौशी पोरं प्रकल्पासाठी जीपीएसची चकती तीन-चारशे रुपयांत मागवतात. टीआय 4100 ची किंमत आजच्या दराने रुपयांत मांडून तिला या शेवटच्या आकड्याने भागलं की उत्तर तीस हजारांच्या घरात जातं. याच मापाने मोटारी उतरल्या असत्या तर सहा लाखांची गाडी वीस रुपयांना, म्हणजे समोशाच्या प्लेटच्या भावात मिळाली असती.

गिऱ्हाईक खूश. मधल्या माणसाचं काय झालं?

हिशेबापुरतं धरू की गाडीत लावायचं नेव्हिगेशन यंत्र 15,000 रुपयांना विकलं जातं आणि दुकानदाराला 20 टक्के सुटतात. म्हणजे नगामागे 3,000. स्पर्धा वाढून भाव 5,000 वर आला आणि टक्केही निम्मे झाले, तर हातात 500 राहतात. तेवढीच कमाई हवी तर एकाच्या जागी सहा यंत्रं विकायला हवीत. दुकानाचं भाडं आणि पोऱ्याचा पगार मात्र सहापट कमी होत नाही. त्याहून वाईट म्हणजे पडून राहिलेला माल. 12,000 ला घेतलेला नग कपाटात असतानाच कंपनीने विक्रीची किंमत 10,000 केली, की दुकान उघडायच्या आधीच 2,000 चा खड्डा. भाव वाढत असताना साठा करणारा शहाणा ठरतो. भाव पडत असताना तोच माणूस बुडतो, आणि त्याची अक्कल दोन्ही वेळा तेवढीच असते.

मोठ्यांचीही यातून सुटका झाली नाही. गाडीतली नेव्हिगेशन यंत्रं बनवणाऱ्या टॉमटॉमने 2008 मध्ये टेली अ‍ॅटलस ही नकाशांची कंपनी 2.9 अब्ज युरोंना घेतली आणि त्याच वर्षाच्या ताळेबंदात एक अब्जाहून अधिक युरो बुडीत धरले. 28 ऑक्टोबर 2009 ला गूगलने फोनवर बोलून वाट दाखवणारं नेव्हिगेशन फुकट देत असल्याचं जाहीर केलं. त्या दिवशी त्याच धंद्यातल्या गार्मिनचा समभाग सुमारे 16 टक्के घसरला, टॉमटॉमचा त्याहून जास्त. पाच हजाराचं यंत्र दोन हजारांना विकून टिकाव धरता येतो. शून्याशी घासाघीस कोण करणार? गार्मिन तरला तो घड्याळं, होड्या आणि विमानांकडे वळून. तिथलं गिऱ्हाईक भाव पाडून मागत नाही.

वेगळा डबा अजून संपलेला नाही. 2023-24 च्या हिवाळ्यात रेल्वेने धुक्यासाठी जीपीएसवर चालणारी 19,742 फॉग पास यंत्रं ठेवली होती. बॅटरीसह दीड किलोचं हे यंत्र लोको पायलटला पुढचा सिग्नल जवळ आल्याचं सांगतं.

बाजारात आता जोर आहे तो गाडीत दडवून बसवायच्या ट्रॅकरचा. यंत्रात फारसं सुटत नाही. खरी कमाई आतल्या सिमच्या आणि सेवेच्या वार्षिक वर्गणीत. खोक्यावर ‘पहिलं वर्ष मोफत’ लिहिलेलं असलं, तर दुसऱ्या वर्षाचे किती ते पैसे देण्याआधी विचारून घ्यावं.