मोठं बंदर ठप्प होतं, मग आपलं दुकान किती सुरक्षित?

तळवली : "आपल्याकडे चोरण्यासारखं आहे तरी काय? आपल्याला कोण हॅक करणार?" सायबर सुरक्षेचा विषय निघाला की आपण बहुतेक जण हेच म्हणतो. पण हल्ला नेहमी नाव बघून होत नाही. ज्याचं दार उघडं सापडेल, त्याच्याकडे चोर शिरतो.

याचं उदाहरण आपल्या जवळचंच आहे. जून 2017 मध्ये 'नॉटपेट्या' नावाचा व्हायरस युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून पसरला. तो मर्स्क या जहाज कंपनीत घुसला आणि उरणजवळच्या जेएनपीटी बंदरातल्या तिच्या समूहाच्या टर्मिनलचं काम विस्कळीत झालं. हल्ला युक्रेनवर होता, फटका इथल्या कंटेनरना बसला. व्हायरसने विंडोजमधल्या ज्या त्रुटीचा फायदा घेतला, तिची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिली होती. अनेकांनी ती टाकलीच नव्हती. मर्स्कला सावरायला मदत झाली ती घानामधल्या एका कार्यालयाची. तिथे नेमकी वीज गेल्यामुळे सर्व्हरची एक प्रत शाबूत राहिली होती! आपण मात्र वीज जाण्याच्या भरवशावर राहू शकत नाही.

दुकान, वर्कशॉप, ऑफिससाठी

• बिलं आणि हिशेबाची प्रत दर आठवड्याला वेगळ्या हार्डडिस्कवर घ्या. काम झालं की ती काढून ठेवा. जोडलेली राहिली तर व्हायरस तीही खराब करतो.

• फुकटातलं 'क्रॅक' सॉफ्टवेअर वापरू नका, अपडेट पुढे ढकलू नका.

• "आमचं बँक खातं बदललंय" असा व्यापाऱ्याचा ईमेल आला, तर जुन्या नंबरवर फोन करून खात्री करा, मगच पैसे पाठवा.

• कामगार नोकरी सोडून गेला की त्याच दिवशी पासवर्ड बदला. ग्राहकाचं आधार, पॅन, फोन नंबर ही आपल्याकडे त्याची अमानत आहे.

घरच्यांसाठी

• यूपीआय पिन पैसे *देण्यासाठी* लागतो, घेण्यासाठी कधीच नाही. ओटीपी कुणालाही सांगू नका.

• व्हॉट्सॲपवर निकाहची पत्रिका 'एपीके' फाइल म्हणून आली तर उघडू नका. ती पत्रिका नसून ॲप असतं. नातेवाइकाच्या नंबरवरून आली असली तरी आधी त्यांना फोन करा, कदाचित त्यांचाच फोन हॅक झाला असेल.

• व्हॉट्सॲपच्या सेटिंगमध्ये 'टू-स्टेप व्हेरिफिकेशन' चालू करा.

• स्वस्त उमराहची जाहिरात किंवा जकातीसाठी क्यूआर कोड आला, तर संस्थेची प्रत्यक्ष चौकशी केल्याशिवाय पैसे पाठवू नका.

• व्हिडिओ कॉलवर पोलिसाच्या वेशात कुणी "डिजिटल अरेस्ट" म्हणाला तर फोन ठेवून द्या. कायद्यात अशी अटकच नाही. घरात एकट्या असणाऱ्या अम्मी-अब्बूंना हे आवर्जून सांगा.

पैसे गेलेच तर?

चोरीचे पैसे एका खात्यातून दुसऱ्या खात्यात भराभर फिरवले जातात. म्हणून लगेच 1930 वर फोन करा, आपल्या बँकेलाही कळवा. तक्रार लवकर पोहोचली तर पैसे वाटेतच गोठवता येतात. व्यवहार क्रमांक, मेसेज, स्क्रीनशॉट जपून ठेवा आणि सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या सरकारी पोर्टलवर तक्रार नोंदवा.

ज्या खात्यांतून हे पैसे फिरतात, ती बऱ्याचदा साध्या घरातल्या मुलांची असतात. "खातं वापरायला दे, कमिशन मिळेल," असं म्हणून ती घेतलेली असतात. चोर पडद्याआड राहतो आणि पोलीस आधी खातेदाराच्या दारात येतात. आपल्या मुलांना हे आजच समजावून सांगा.

फसवणूक झालेल्या माणसाला घरात बोल लावू नका. लोक काय म्हणतील या भीतीने माणूस गप्प बसतो आणि तेवढ्यात पैसे हाताबाहेर जातात. आज रात्री जेवणं झाली की घरातल्या प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये 1930 सेव्ह करून ठेवा.