ओळखीची किल्ली

हरवण्याच्या बाबतीत माझा लौकिक जुना आहे. छत्र्यांचा हिशेब मी केव्हाच सोडून दिला. चष्मा तर महिन्यातून एकदा हरवतोच आणि बहुधा कपाळावरच सापडतो. त्यामुळे गेल्या वर्षी दसऱ्याच्या रात्री मोटारसायकलची किल्ली हरवली, तेव्हा आमच्या सौ.नी नुसते, "यंदा किल्ली का?" एवढेच विचारले. पुढे काय वाढून ठेवले आहे, याची कल्पना त्यांनाही नव्हती आणि मलाही!

मी मराठीचा प्राध्यापक. पण तासिका तत्त्वावरचा. जितके तास घ्यावेत, तितकेच पैसे. सकाळचे तास सांगलीच्या एका महाविद्यालयात आणि दुपारचे तासगावच्या दुसऱ्या. मधले पंचवीसएक किलोमीटर तोडण्यासाठी मिरजेच्या एका तरुणाकडून मी जुनी मोटारसायकल घेतली होती. "सर, किल्ली एकच आहे. दुसरी हरवली," असे त्याने तेव्हाच सांगितले होते. मी म्हटले, बसणारा तरी कुठे दुसरा आहे?

दसऱ्याच्या सकाळी या गाडीला झेंडूची माळ घातली, कुंकू लावले आणि रात्री तिच्यावरूनच कवठेएकंदला गेलो. तासगाव रस्त्यावरचे हे गाव दसऱ्याच्या आतषबाजीसाठी प्रसिद्ध आहे. एका विद्यार्थ्याच्या अंगणात गाडी लावली आणि मध्यरात्र उलटेपर्यंत गर्दीत उभा राहून दारूकामाचा तो प्रकाश डोळे भरून पाहिला. परतल्यावर खिशात हात घातला. खिशात आपट्याचे सोने होते, किल्ली नव्हती.

सकाळी साऱ्या गावाच्या वाटा जळक्या कागदांनी भरल्या होत्या. त्यात किल्ली कुठली सापडते! विद्यार्थ्याने एका किल्लीवाल्याला आणले. त्याने तासभर कानस चालवून नवी किल्ली घडवली. ती कुलपात सुरेख फिरली, दिवा लागला, स्टार्टरही गुरगुरला. पण इंजिन काही सुरू होईना. किल्लीच्या आकाराचा एक लाल दिवा मात्र माझ्याकडे पाहून डोळे मिचकावीत राहिला. किल्लीवाल्याने कानस पिशवीत टाकली. "सर, ही चिपची गाडी. हिला किल्ली नको, ओळख पाहिजे."

टेंपोत घालून गाडी सांगलीला आणली. तिथल्या मिस्त्रीने मला विद्यार्थी समजून सगळे नीट समजावले. किल्लीच्या काळ्या डोक्यात एक चिमुकली चिप असते. तिला स्वतःचा सेल नसतो. कुलपाभोवती तारेचे वेटोळे असते. किल्ली फिरवली की त्याच्या चुंबकीय लहरींनी चिप जागी होते आणि आपला सांकेतिक क्रमांक सांगते. गाडीतला इलेक्ट्रॉनिक मेंदू तो आपल्या नोंदीशी ताडून पाहतो. जुळला तर इंजिनाला ठिणगी, नाहीतर नाही. चोराने तारा जोडून गाडी पळवू नये म्हणून ही योजना. युरोपात १९९८ पासून नव्या मोटारींना ती सक्तीची झाली, दुचाकींतही आली.

"म्हणजे कागदपत्रे माझ्या नावावर, विमा माझ्या नावावर आणि गाडी मला ओळखत नाही?"

"तुम्हाला कधीच ओळखत नव्हती, सर. ती चिपला ओळखते."

नोंदलेली एक किल्ली दाखवली, तर या गाडीत नव्या किल्लीची नोंद अर्ध्या तासात होते. एकही नसेल तर मेंदू आणि कुलूप, दोन्ही बदलायचे. खर्च अठरा हजार, वेळ पंधरा दिवस. मी मनातल्या मनात अठरा हजारांचे तास मोजू लागलो आणि मोजता मोजता थांबलो. त्यातच पहिल्या आठवड्यात चार तास बुडाले, कारण एस.टी.चे वेळापत्रक आमच्या वेळापत्रकाला विचारून केलेले नव्हते.

शेवटी मिरज गाठली. ती हरवलेली दुसरी किल्ली एखाद्या कपाटाखाली सापडते का, ही वेडी आशा! तरुणाने माझे सगळे ऐकून घेतले आणि मान खाली घातली. तेवढ्यात त्याची आई बाहेर आली.

"ती हरवली नाही हो. माझ्याकडेच आहे."

गाडी तिच्या यजमानांची. ते गेले, आजारपणाचे कर्ज राहिले, म्हणून गाडी विकावी लागली. पण ते रोज खिशात घालीत ती किल्ली तिने दिली नाही. देवघरातल्या डबीतून तिने ती काढून आणली. किल्लीवर कुंकवाचा डाग होता.

"न्या तुम्ही. पण काम झाल्यावर परत मिळेल का?"

"मिळेल, काकू."

मिस्त्रीने दोन नव्या किल्ल्या काढल्या. "आता ज्या दाखवू, तेवढ्याच गाडी ध्यानात ठेवील. हरवलेली बाद. ती कुणाला सापडली, तरी गाडी सुरू होणार नाही. मग ही जुनीही बाद करू ना? दुसऱ्याच्या घरी राहणार म्हणता."

शहाणपणाचेच बोलत होता तो. व्यवहार म्हणून पाहिले तर परक्या घरी आपल्या गाडीची चालती किल्ली ठेवणे हा वेडेपणाच. मी घटकाभर विचार केला.

"नको," मी म्हटले, "तिन्ही दाखवा."

वाचकहो, तुमच्या घरी अशी गाडी असेल, तर एक किल्ली हातात आहे तोवरच दुसरी नोंदवून घ्या, एवढा सल्ला द्यायचा मला अधिकार आहे. माझी दुसरी किल्ली आता आमच्या सौ.च्या डाळीच्या डब्यात असते.

तिसरी मी त्याच संध्याकाळी मिरजेला पोहोचवली. काकूंनी ती तळहातावर घेऊन पाहिली.

"चालते का हो अजून?"

"चालते. गाडी ओळखते तिला."

त्यांनी पदराने ती पुसली, पण कुंकवाचा डाग तेवढा राहू दिला.