रक्ताचे व्यवहार – ९ : पांढऱ्या पेशी गाळून काढल्या तर?

गेल्या आठवड्यात आपण हार्ट-लंग मशीनच्या जन्मापर्यंत आलो होतो. ६ मे १९५३ रोजी फिलाडेल्फियात जॉन गिबन यांनी १८ वर्षांच्या मुलीचं हृदय आणि फुप्फुसं २६ मिनिटं यंत्राच्या हवाली केली आणि तिच्या हृदयातलं छिद्र बंद केलं. यंत्र पुढे जगभर गेलं, बायपास शस्त्रक्रियेतही रुळलं. पण सर्जनांना एक गोष्ट छळत राहिली. टाके चोख, रक्तवाहिन्या मोकळ्या, तरी काही रुग्ण आयसीयूत गेल्यावर बिघडत. ताप, अंगभर सूज, घसरलेला रक्तदाब, पाणी धरलेली फुप्फुसं. आणि जंतुसंसर्गाचा मागमूस नाही. अशा फुप्फुसांना डॉक्टर ‘पंप लंग’ म्हणू लागले.

संशय यंत्रावर होता आणि तो बऱ्याच अंशी रास्त होता. रक्त एरवी रक्तवाहिनीच्या मऊ अस्तराखेरीज कशालाही शिवत नाही. यंत्रावर मात्र ते प्लास्टिकच्या नळ्यांतून, टाकीतून आणि रक्तात ऑक्सिजन मिसळणाऱ्या ऑक्सिजनेटरच्या हजारो पोकळ तंतूंवरून फिरतं. हेपॅरिन गुठळी होऊ देत नाही, पण परक्या पृष्ठभागाची वर्दी रक्तातल्या प्रथिनांना मिळतेच. त्यातलं ‘कॉम्प्लिमेंट’ नावाचं प्रथिनांचं कुटुंब लगेच जागं होतं. अमेरिकेतल्या अलाबामा विद्यापीठात जॉन कर्कलिन आणि सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये दाखवलं, की या प्रथिनांचा सी३ए हा तुकडा ज्यांच्या रक्तात जास्त वाढतो, त्यांच्या हृदय, फुप्फुस आणि मूत्रपिंडाला शस्त्रक्रियेनंतर जास्त त्रास होतो.

अशा तुकड्यांची हाक ऐकून धावतात त्या न्यूट्रोफिल, म्हणजे संख्येने सर्वांत जास्त असलेल्या पांढऱ्या पेशी. एरवी त्या जंतू गिळतात, विकरांनी आणि ऑक्सिजनच्या दाहक रूपांनी त्यांना जाळतात. इथे जाळायला जंतू नसतो. चवताळलेली पेशी चिकट होते, ताठर होते आणि केशवाहिन्यांत अडकते. फुप्फुसातल्या केशवाहिन्या मुळात तिच्यापेक्षा अरुंद. हृदयाचा रक्तपुरवठा थांबवण्यासाठी महाधमनीवर लावलेला क्लॅम्प काढला, हृदय पुन्हा धडधडू लागलं, की इतका वेळ जवळजवळ कोरडं राहिलेल्या फुप्फुसात रक्ताचा लोंढा शिरतो आणि या पेशी तिथे दाटी करतात. त्यांच्यातलं इलास्टेज हे विकर बाहेर पडतं, केशवाहिन्यांच्या भिंती पाझरू लागतात. उपाशी राहिलेल्या हृदयाच्या स्नायूतही त्याच वेळी हेच घडत असतं.

मग या पेशी वाटेतच गाळून घ्याव्यात, हा विचार मला आजही सुंदर वाटतो. यंत्रातून रुग्णाकडे परतणाऱ्या रक्ताच्या वाटेवर पॉलिएस्टरच्या तंतूंचा फिल्टर बसवायचा. नव्वदच्या दशकात असे फिल्टर शस्त्रक्रियागृहांत आले. त्यांची छिद्रं सुमारे ४० मायक्रॉनची, आणि न्यूट्रोफिल जेमतेम १२ ते १५ मायक्रॉनची. म्हणजे आकाराने ती सहज निसटावी. फिल्टर तिला पकडतो तो तिच्या चिकटपणावर. जी पेशी आधीच चवताळली आहे तीच तंतूला धरून बसते. आपल्याला नेमकी तीच हवी होती.

निकाल मात्र हिरमोड करणारे होते. शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या काही तासांत फुप्फुसं ऑक्सिजन जरा बरा घेतात, असं काही अभ्यासांत दिसलं. पण आयसीयूतला मुक्काम किंवा मृत्यूचं प्रमाण यांत भरवशाचा फरक पडला नाही. कित्येक रुग्णांच्या रक्तातली पांढऱ्या पेशींची संख्याही फारशी उतरली नाही. जिवंत झरे असलेली विहीर उपसावी, तसं ते होतं. अस्थिमज्जा दिवसाला सुमारे १०० अब्ज न्यूट्रोफिल बनवते, शिवाय तयार पेशींचा मोठा साठा बाळगते. रक्तातल्या निम्म्या न्यूट्रोफिल तर वाहिन्यांच्या भिंतींना टेकून बसलेल्या असतात, इशारा मिळताच प्रवाहात येतात. त्यात मिनिटाला चार-पाच लिटरचा प्रवाह. फिल्टर लवकरच भरून जातो. आणि फिल्टर हाही एक परका पृष्ठभागच! काही संशोधकांना तर त्याच्यामुळेच पेशी आणखी चवताळत असल्याच्या खुणा दिसल्या.

दाह औषधाने दाबण्याचा प्रयत्नही झाला. १८ देशांतल्या ७,५०७ रुग्णांवर मेथिलप्रेडनिसोलोन या स्टेरॉइडची चाचणी झाली. २०१५ मध्ये निकाल आला, मृत्यू कमी झाले नाहीत. यंत्रच नको म्हणून धडधडत्या हृदयावर बायपास करण्याची पद्धत आपल्याकडे खूप रुजली आहे. भारतही सहभागी असलेल्या ‘कोरोनरी’ चाचणीत (४,७५२ रुग्ण) यंत्राविना श्वसनाचे आणि मूत्रपिंडाचे त्रास सुरुवातीला कमी दिसले, पण वर्षभरानंतर मृत्यू, पक्षाघात, हार्ट अटॅक यांत ठळक फरक नव्हता. छातीचं हाड कापणं हीदेखील शरीराच्या लेखी मोठी जखमच असते, हे यंत्राला दोष देताना आपण विसरतो.

चाळणी उपयोगी पडली ती वेगळ्याच जागी, रक्तदात्याच्या पिशवीवर. पिशवीतल्या रक्ताला मागून पुरवठा करणारी अस्थिमज्जा नसते आणि ते सावकाश गाळता येतं. नेदरलँड्समध्ये हृदयशस्त्रक्रियेच्या ९१४ रुग्णांवर झालेल्या अभ्यासात (१९९८) नुसता पांढऱ्या पेशींचा थर काढलेलं रक्त मिळालेल्यांपैकी ७.८ टक्के रुग्ण ६० दिवसांत दगावले. फिल्टरने गाळलेलं रक्त मिळालेल्या दोन गटांत हे प्रमाण ३.६ आणि ३.३ टक्के होतं. पुढच्या सगळ्या अभ्यासांत फरक इतका ठसठशीत आला नाही, हे सांगायला हवं. ब्रिटनने १९९९ मध्ये सगळंच दान केलेलं रक्त गाळायला सुरुवात केली, ती मात्र ‘मॅड काउ’च्या मानवी रूपाच्या भीतीने. आपल्याकडे तसा सरसकट नियम नाही. थॅलेसेमियाच्या मुलांना, ज्यांना आयुष्यभर दर काही आठवड्यांनी रक्त लागतं, गाळलेलं रक्त दिलं तर ताप-थंडी कमी येते आणि शरीर परक्या पेशींविरुद्ध प्रतिपिंडं कमी बनवतं. या फिल्टरचा खर्च त्यांच्या आईवडिलांवर पडता कामा नये, असं मला मनापासून वाटतं.