उंदराची चिंता आणि मेंदूतली रस्सीखेच

मंडळी, इथे ईडन प्रेरीत स्टेअरिंग लेकभोवती फिरताना झुडपातून अचानक कायोटी समोर आला, तर तुम्हाला वाटेल ती भीती. कायोटीचा पत्ता नाही, पण ‘आला तर?’ या विचाराने घरातच पोटात गोळा येतो, ती चिंता.

उंदीर काही बोलून दाखवत नाही. मग त्याची चिंता मोजायची कशी? प्रयोगशाळेत त्यासाठी अधिकच्या चिन्हासारखा, जमिनीपासून साधारण अर्धा मीटर उंच मार्ग असतो. त्याच्या चार फाट्यांपैकी दोन भिंतींचे, दोन उघडे. उंदराला उघड्या जागेची उपजत धास्ती असते आणि नव्या जागेचे कुतूहलही. पाच मिनिटांत तो उघड्या फाट्यांवर किती वेळ काढतो, ते मोजायचे. डायझेपामसारखे चिंताशामक औषध दिले की हा वेळ वाढतो.

मेंदूतली काही पेप्टाइडेही असा परिणाम घडवतात. पेप्टाइड म्हणजे अमिनो आम्लांची छोटी साखळी. ‘न्यूरोपेप्टाइड वाय’ ही ३६ अमिनो आम्लांची साखळी १९८२ मध्ये स्वीडनच्या कॅरोलिन्स्का संस्थेत डुकराच्या मेंदूतून वेगळी केली गेली. ती उंदराची चिंता कमी करते. १३ अमिनो आम्लांचे ‘अल्फा-एमएसएच’ मात्र चिंता वाढवते. मेंदूतल्या अमिग्डला या बदामाएवढ्या भागात या दोघांची रस्सीखेच कशी चालते, यावर आपल्या नागपूर विद्यापीठातल्या दादासाहेब कोकरे, निशिकांत सुभेदार आणि सहकाऱ्यांचा शोधनिबंध २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. गंमत म्हणजे हायपोथॅलॅमस या भागात पहिले पेप्टाइड भूक वाढवते आणि दुसरे ती मारते. एकच रेणू, पण जागा बदलली की काम बदलते.

मग यातून माणसासाठी गोळी का निघत नाही? सीआरएफ या पेप्टाइडची गोष्ट पाहा. १९८१ मध्ये मेंढ्यांच्या मेंदूतून त्याची रचना उलगडली. त्याचा मार्ग अडवणाऱ्या औषधांनी प्राण्यांची चिंता कमी झाली; माणसांवरच्या चाचण्यांत मात्र निराशाच पदरी पडली. उंदराची पाच मिनिटांची धास्ती आणि व्हिसाच्या निर्णयाची महिनोन्‌महिने पोखरणारी काळजी एकसारखी नसते. शिवाय प्रयोगात पेप्टाइड सुईने नेमक्या जागी सोडतात. गोळीतून घेतलेले बहुतेक पेप्टाइड पोटातच पचते आणि रक्तात पोचले तरी मेंदूत फारसे शिरत नाही. म्हणून ‘मन शांत करणारे पेप्टाइड’ अशी जाहिरात दिसली, तर खिशात हात घालण्याआधी विचारा: हे माणसांवर तपासले आहे का?

उंदरांनी आपल्याला औषध नाही, तरी एक समज नक्की दिली आहे. चिंता म्हणजे मनाचा कमकुवतपणा नव्हे. तिच्यामागे मेंदूतले रसायन आहे. तेव्हा झोप उडवणारी काळजी आठवड्यांमागून आठवडे हटत नसेल, तर ‘मन घट्ट कर’ एवढ्यावर भागवू नका. रक्तदाबासाठी जातो तसेच यासाठीही डॉक्टरकडे जा.