टायरचा पहिला नंबर कितपत खरा?



न्यायमूर्ती रानड्यांनी 1875 मध्ये पुण्यास वसंत व्याख्यानमालेची प्रथा घातली, तेव्हापासून या व्यासपीठांवर धर्म, इतिहास, साहित्य अशा थोर विषयांची चर्चा होत आली. मी आज टायरविषयी बोलणार आहे. विषय हलका वाटेल. पण आपले अंथुर्णे बारामती-इंदापूर रस्त्यावर वसलेले आहे. आषाढी वारीत तुकोबांची पालखी येथे मुक्कामाला येते आणि गळिताच्या हंगामात रात्रंदिवस उसाच्या गाड्या जातात. पालखी पायी चालते. बाकी सारे टायरवर चालते. आपल्या शेतकऱ्याने लाकडी चाकाची, लोखंडी धावेची गाडी सोडून रबरी चाकाची गाडी घेतली, तेव्हा तिला नावच ‘डनलॉप गाडी’ पडले. टायर कंपनीचे नाव ज्याच्या बैलगाडीला लागले, त्याला हा विषय परका नसावा.

मी या विषयाकडे वळलो तो पुस्तकातून नव्हे, एका चौकशीतून. माझे शाळेतले शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढचे जे काही आहे ते युनियनच्या कचेरीत आणि वाचनालयात झाले. काही वर्षांपूर्वी एका आस्थापनेने आपल्या ड्रायव्हरवर आरोपपत्र ठेवले. पहिल्या पावसात, ट्रॅक्टरच्या चाकांनी आणलेल्या चिखलावर त्याची मोटार घसरली व पुलाच्या कठड्यावर आदळली. बरोबरच्या माणसाचा पाय मोडला. ड्रायव्हर म्हणत होता, “ओल्यात हा टायर धरत नाही, हे मी दोनदा सांगितले होते.” त्यावर व्यवस्थापनाने एका मासिकाचे कात्रण पुढे ठेवले. टायरांच्या चाचणीत त्या नाममुद्रेचा पहिला क्रमांक होता! “आम्ही पहिल्या नंबरचा माल घेतो, तेव्हा दोष चालवणाऱ्याचाच,” असा त्यांचा युक्तिवाद. बचाव-प्रतिनिधी म्हणून मी शेजारी बसलो होतो. त्या दिवशी मला उत्तर देता आले नाही. ते उत्तर शोधताना जे शिकलो, तेच आज आपल्यापुढे मांडतो.

प्रथम हे मान्य केले पाहिजे की अशा चाचण्या म्हणजे थोतांड नव्हे. उलट त्यांच्या मुळाशी कामगारांचा एक लढा आहे. अमेरिकेत न्यू जर्सीमधील ‘कन्झ्युमर्स रिसर्च’ ही संस्था ग्राहकांसाठी वस्तू तपासून देत असे. 1935 मध्ये तेथील कामगारांनी युनियन काढली, काहींना कामावरून कमी केले आणि संप झाला. त्या संपकऱ्यांनी 1936 मध्ये ‘कन्झ्युमर्स युनियन’ ही स्वतंत्र संस्था उभारली. तिचेच मासिक आज ‘कन्झ्युमर रिपोर्ट्स’ म्हणून जगभर ओळखले जाते. जाहिरात घ्यायची नाही आणि तपासायचा माल स्वतःच्या पैशाने बाजारातून विकत घ्यायचा, असा त्यांचा नेम. आरंभीच्या अंकांत तर वस्तू कशी आहे याबरोबर ती बनवणाऱ्या कामगारांची स्थिती कशी आहे, हेही छापत. आपल्याकडे मुंबईत 1966 मध्ये ‘कन्झ्युमर गाइडन्स सोसायटी’ स्थापन झाली, तीही ग्राहकाला डोळस करण्यासाठीच. तेव्हा चाचणी करणारा हा आपला शत्रू नव्हे. पण मित्राचे म्हणणेसुद्धा तपासून घ्यावे लागते.

चाचणीत काय करतात? एकाच मापाचे दहा-पंधरा टायर घेतात, एकाच मोटारीला पाळीपाळीने लावतात आणि ओल्या रस्त्यावर ब्रेक दाबून मोटार किती अंतरात थांबते, कोरड्यावर किती, साचलेल्या पाण्यावर चाक कधी तरंगू लागते, आवाज किती, इंधन किती, झीज किती, हे मोजतात. ही मोजमापे बहुधा कसोशीने केलेली असतात. खरी गडबड त्यापुढे होते. या साऱ्या आकड्यांची बेरीज करून एक गुण काढतात आणि गुणांवरून नंबर लावतात.

या बेरजेची मौज एका कल्पित उदाहरणाने पाहू. ‘अ’ टायरला ओल्या रस्त्यावर दहापैकी 9 आणि टिकाऊपणात 5 गुण. ‘ब’ टायरला ओल्यावर 6 आणि टिकाऊपणात 9. परीक्षकाने ओल्या रस्त्याला शंभरात 60 आणि टिकाऊपणाला 40 वजन दिले, तर ‘अ’ला 7.4 आणि ‘ब’ला 7.2 मिळतात, ‘अ’ पहिला. वजने उलटी केली, तर ‘अ’ला 6.6 आणि ‘ब’ला 7.8, आता ‘ब’ पहिला. टायर तेच, रस्ता तोच, मोजमाप तेच. नंबर मात्र फिरला! म्हणजे पहिला नंबर हा टायरच्या अंगचा गुण नसून, परीक्षकाने कशाला महत्त्व दिले याचे उत्तर आहे. पगारपत्रकातली शेवटची बेरीज पाहून कोणी सही करीत नाही. मूळ पगार, भत्ता आणि कपात वाचावी लागते. येथेही तसेच.

आणि हा फरक केवळ कागदावरचा नाही. ओल्यात पकड, कमी इंधन आणि दीर्घ आयुष्य या तिन्ही गोष्टी एका टायरात आणणे अवघड असते. रबराचे मिश्रण एका बाजूने सुधारले की दुसऱ्या बाजूने बहुधा काहीतरी गमवावे लागते. मालकाला टिकाऊपणा हवा असतो, कारण पैसे त्याचे जातात. ड्रायव्हरला पकड हवी असते, कारण जीव त्याचा जातो. एकच नंबर दोघांचे समाधान कसे करणार?

दुसरा प्रश्न: तपासलेला टायर कोठून आला? 2016 च्या फेब्रुवारीत फिनलंडमधील ‘कौप्पालेहती’ या वृत्तपत्राने उघड केले की ‘नोकियन’ ही तेथील नामांकित कंपनी पूर्वी मासिकांच्या चाचण्यांना खास बनवलेले टायर पुरवीत असे. दुकानातला माल निराळा. कंपनीला ते कबूल करावे लागले. मोजणारे प्रामाणिक असूनही निकाल खोटा ठरू शकतो, तो असा. जर्मनीतील मोटारधारकांची प्रचंड संघटना ‘ए. डी. ए. सी.’ टायरांच्या चाचण्यांसाठी प्रसिद्ध आहे. 2014 मध्ये तिच्या लोकप्रिय मोटारीच्या पारितोषिकात मतांचे आकडे फुगवल्याचे उघडकीस आले आणि अध्यक्षांना पायउतार व्हावे लागले. ते प्रकरण टायरचे नव्हते, हे न्यायाने सांगितले पाहिजे. पण मोठ्या नावाने निर्धास्त होऊ नये, एवढा धडा त्यातून घेता येतो.

तिसरा प्रश्न: रस्ता कोणाचा? अमेरिकेत टायरवर झिजेचा आकडा छापतात. त्याची चाचणी टेक्सासमधील सॅन अँजेलो या गावाभोवतीच्या सुमारे 640 किलोमीटरच्या फेऱ्यावर, एका नमुना टायरला 100 धरून होते, आणि आकडा कंपनी स्वतः जाहीर करते. त्या फेऱ्यावर उसाचे पाचट नसते, चिखल नसतो आणि गतिरोधकही नसतो. शिवाय चाचणीत नवे टायर, बरोबर हवा आणि नेमके वजन असते. आपल्याकडे माणसे किती कोंबली जातात आणि ट्रॉली किती भरली जाते, हे मी सांगायला नको.

चौथी गोष्ट, पहिला आणि पाचवा यांतले अंतर. थांबण्याच्या अंतरात हातभर फरक असला, तर तो उन्हाने, वाऱ्याने वा रस्त्याच्या ओलेपणानेही पडू शकतो. त्यावरून भांडू नये. पण एखादा टायर इतरांपेक्षा सात-आठ मीटर पुढे जाऊन थांबत असेल, तर त्या सात-आठ मीटरांत एक सायकलस्वार मावतो. म्हणून माझा ठोकताळा असा, की यादीच्या शेंड्यापेक्षा बुडख्यावर अधिक विश्वास ठेवावा. पहिला कोण हे चाचणी सैल हाताने सांगते. पण टाकाऊ कोण हे ती बरेच खात्रीने सांगते.

आता चौकशीकडे वळतो. पुढच्या तारखेला मी तीनच प्रश्न विचारले. कात्रणातील टायरचे माप कोणते? ते आमच्या मोटारीच्या मापाहून वेगळे निघाले. गुणांत सर्वांत मोठा वाटा कशाचा? टिकाऊपणाचा. आणि मोटारीवरचे टायर आज कसे आहेत? खाचांच्या तळाशी झिजेची खूण म्हणून रबराचे लहान उंचवटे असतात. टायर झिजून त्या उंचवट्यांना टेकला होता. मोटारीच्या टायरची खाच 1.6 मिलिमीटरहून कमी खोल असू नये, असा नियम आहे. नवेपणी पहिला आलेला टायर गोटा झाल्यावर पहिला राहत नाही. ड्रायव्हरची नोकरी वाचली, एक वेतनवाढ गेली. टायरच दोषी होता, हे मलाही सिद्ध करता आले नाही. एवढेच सिद्ध झाले की ते कात्रण काहीच सिद्ध करीत नव्हते.

मग ग्राहकाने करावे काय? आय.एस.आय. खूण पाहावी. ती नंबर लावीत नाही, फक्त उत्तीर्ण झाल्याचे सांगते. पण अनुत्तीर्णाला दूर ठेवते. टायरच्या कडेवरचे चार आकडे वाचावेत: पहिले दोन आठवड्याचे, नंतरचे दोन वर्षाचे. 2319 म्हणजे 2019 सालातील तेविसावा आठवडा. जुना साठा ‘नवा’ म्हणून गळ्यात पडू नये. यादी वाचताना एकूण गुण झाकून आपल्या गरजेचा रकाना पाहावा. आणि सर्वांत मोलाची गोष्ट, आपली स्वतःची वही ठेवावी. टायर कधी घातला, किती किलोमीटर चालला, कोठे फुटला, हे लिहावे. आपल्या तालुक्यातील दहा वाहनधारकांनी अशा वह्या एकत्र केल्या, तर आपल्याच रस्त्यावरची, आपल्याच ओझ्याची चाचणी तयार होईल. आणि ती कोणी पुरस्कृत केलेली नसेल.

त्या वहीत ड्रायव्हरच्या तक्रारीसाठी एक रकाना जरूर ठेवा. रस्त्यावर टायर कसा धरतो, हे सर्वांआधी त्याच्याच हाताला कळते. त्या ड्रायव्हरने दोनदा सांगितले होते, पण ते कोणी लिहून घेतले नव्हते.